उधारीची वही आणि अडीच लाखांचं कुलूप

पत्र: आमचं नागपूरच्या गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. मी बी.कॉम. आहे, लग्नानंतर टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, सगळं माझ्याकडे आलं. यंदा दिवाळीच्या तोंडावर आमच्याच गल्लीतल्या एका दुकानाचा कॉम्प्युटर लॉक झाला. कुठलीही फाइल उघडली की पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी यायची. त्यांनी पैसे भरले म्हणतात, पण तोंड कोणी उघडत नाही. आठवड्याभरात एका कंपनीचा माणूस आमच्याकडे आला. फायरवॉल (इंटरनेटच्या वाटेवरचा पहारा), अँटिव्हायरस, क्लाउड बॅकअप, चोवीस तास देखरेख, असं सगळं मिळून वर्षाला २,४८,००० रुपये, जीएसटी वेगळा. नाही केलं तर नव्या कायद्यात २५० कोटी दंड आहे असंही सांगून गेला. आमचे हे म्हणतात, घेऊन टाकू. सासरे म्हणतात, "आपल्यापाशी काय हाय चोरासारखं? कापड काय इंटरनेटवरून उचलून नेतीन?" उलाढाल वर्षाला ४ कोटींच्या आसपास, बाजारात उधारी ६२ लाख, कॉम्प्युटर तीन. घ्यावं का? किती खर्च करावा, हे ठरवायचं कसं? – गांधीबागेतली एक सून

ताई,

तुमच्या सासऱ्यांनी विचारलं ते बरोबरच विचारलं. धंद्यातला जुना माणूस आधी मालाची किंमत बघतो, कुलपाची नंतर. फक्त त्यांनी उत्तर देताना कापडाच्या ताग्यांकडे बघितलं, बघायला हवं होतं तुमच्या टेबलाकडे.

चोरीचा माल विकायला गिऱ्हाईक लागतं. अमरावतीच्या एका पार्टीकडे ८४ हजार आणि भंडाऱ्याच्या दुसरीकडे सव्वा लाख बाकी आहे, ही माहिती पैसे देऊन घेणारा माणूस जगात शोधून सापडणार नाही. एक सोडून. तो एक म्हणजे तुम्ही. कॉम्प्युटर लॉक करणाऱ्यांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली. माल हलवायचा नाही, विकत घेणारा शोधायचा नाही, जागच्या जागी आपलं कुलूप ठोकायचं आणि किल्ली मालकालाच विकायची. तेव्हा 'चोरासारखं काय आहे' हे सोडा. उद्या सकाळी टॅली उघडलीच नाही, तर ती परत मिळवायला तुम्ही किती मोजाल? तुमच्या डेटाची किंमत तेवढी, आणि चोरालाही तेवढीच ठाऊक असावी लागते.

मे २०१७ मध्ये कॉम्प्युटर लॉक करणारा वॉनाक्राय नावाचा प्रकार जगभर पसरला. दीडशेच्या आसपास देश, दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर. मागणी होती ३०० डॉलर, तेव्हाचे एकोणीस-वीस हजार रुपये. कोटभर नाही मागितले. दुकानदार वैतागेल, शिव्या देईल, पण वकील किंवा पोलिसांकडे न जाता भरून मोकळा होईल, अशा बेताची ती रक्कम. आणि ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिला होता. फुकट. बसवायला मात्र कॉम्प्युटर बंद करून चालू करावा लागतो, आणि काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना ते कोण करतो? आपण 'नंतर आठवण करा' दाबतो. त्या क्षणी ते शहाणपणाचंही वाटतं, कारण ती दहा मिनिटं आपली जातात आणि फायदा दिसत नाही.

आता कागद घ्या.

तुमची उधारी ६२ लाख. टॅली गेली म्हणून ती सगळी बुडत नाही, हे आधी लक्षात घ्या, म्हणजे छातीतली धडधड कमी होईल. जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रात, भरलेली पार्टीवार बिलं पोर्टलवर आहेत. बँकेतून आलेले पैसे स्टेटमेंटमध्ये आहेत. कुठेच नाही ते असं: कोणाला किती वटाव तोंडी ठरला, कोणी दोन तागे परत टाकले आणि त्याची क्रेडिट नोट काढायची राहून गेली (राहू नये, पण राहते), कोणी दहा हजार रोख आणून दिले. थोडक्यात, "भाऊ, ते मागच्या दसऱ्याले देल्ले नव्हते का?" या प्रकारातली सगळी रक्कम. ती मी दहा टक्के धरतो. ६ लाख २० हजार.

दुसरं, बंद पडलेले दिवस. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर तुमची रोजची विक्री १ लाख ३३ हजार, सीझनला दुप्पट. मार्जिन तुम्ही लिहिलं नाही, मी ७ टक्के धरलं. म्हणजे सीझनचा एक दिवस गेला की साधारण साडेअठरा हजारांचा नफा गेला. आठ दिवसांचे दीड लाख. तिसरं, सगळं पुन्हा भरायला एक-दोन माणसं, महिनाभर, आणि सीएची वाढीव फी: साठ हजार. एकूण ८ लाखांच्या थोडं वर. ८ धरू.

हा फटका किती वर्षांतून एकदा बसेल? इथे मी अंदाजावर आहे आणि तुम्हाला विकायला आलेला माणूसही अंदाजावरच होता. दहा वर्षांतून एकदा म्हणा. मग वर्षाला ८० हजारांची जोखीम तुमच्या डोक्यावर आहे.

बहुतेकजण इथेच थांबतात आणि म्हणतात, चला, ८० हजारांपर्यंत खर्च परवडला. नाही परवडला. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातले लॉरेन्स गॉर्डन आणि मार्टिन लोब हे हिशेब आणि व्यवस्थापन शिकवणारे दोन प्राध्यापक. २००२ साली त्यांनी नेमका तुमचाच प्रश्न गणितात मांडला: सुरक्षेवर किती खर्च करावा? उत्तर आलं की त्यांनी तपासलेल्या परिस्थितींत योग्य खर्च अपेक्षित नुकसानीच्या ३७ टक्क्यांच्या वर जात नाही. गृहीतकं बदलली की हा आकडाही हलतो, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे, त्यामुळे ३७ ला पोथी मानू नका. पण त्यामागची गोष्ट दुकानदाराला लगेच पटते. दाराला पहिलं कुलूप लावलं की बरेच भुरटे गेले. दुसऱ्यानं आणखी थोडे गेले. सातव्या कुलपानं चोर फारसा अडत नाही, सकाळी दुकान उघडायला मात्र तुम्हालाच अर्धा तास लागतो.

८० हजारांचे ३७ टक्के म्हणजे २९,६००. तुम्ही माझ्यापेक्षा भित्र्या असाल आणि पाच वर्षांतून एकदा धरलं, तर जोखीम १ लाख ६० हजार, खर्च ५९,२००. तुमचा आकडा तीस ते साठ हजारांच्या मध्ये कुठेतरी आहे. २,४८,००० बसवायचे असतील, तर हा फटका तुम्हाला जवळजवळ दर सव्वा वर्षानं बसतो असं मानावं लागेल. तसं असेल तर फायरवॉल कशाला, कॉम्प्युटरच बंद करून पुन्हा लाल वहीवर या.

आता त्या माणसाबद्दल. तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही कापड कसं घेता ते आठवा. माल हातात धरता, पोत बघता, संशय आला तर एक धागा काढून काडी लावता. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि राख, पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी. सुरतेच्या व्यापाऱ्याला हे माहीत आहे, म्हणून तो तुम्हाला भलतंच कापड सुती म्हणून टेकवत नाही. फायरवॉलचा धागा कसा जाळणार? वर्षभर काही झालं नाही तर ते तिच्यामुळे झालं नाही की तुमच्याकडे कोणी आलंच नव्हतं, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. पुष्कळदा विकणाऱ्यालाही नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हे दाखवलं होतं: घेणाऱ्याला चांगलं-वाईट ओळखता येत नसेल, तर चांगल्या मालाला चांगला भाव मिळत नाही, आणि हळूहळू बाजारात वाईटच माल उरतो. २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. सुरक्षेच्या बाजारात नेमकं हेच चालतं. गुण दाखवता येत नाहीत, म्हणून भीती दाखवली जाते.

२५० कोटी ही तशीच भीती. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, आणि डेटा सांभाळायची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूदही आहे. पण 'पर्यंत' हा शब्द तो खाऊन गेला. दंड ठरवताना चुकीचं स्वरूप आणि गांभीर्य बघायचं असतं, हे त्याच कायद्यात लिहिलं आहे. चार कोटींच्या कापड दुकानानं या आकड्याकडे बघून खरेदी करायची नसते.

त्याला पुन्हा बोलवायचंच असेल तर एकच विचारा: तुमचं सगळं घेऊनही आमचा कॉम्प्युटर लॉक झाला, तर तुम्ही काय भरून द्याल? करारात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की कंपनीची जबाबदारी फार तर घेतलेल्या फीइतकी. पुष्कळदा तीही नाही. वाचा आणि सासऱ्यांना वाचून दाखवा.

कारण सगळा घोळ इथेच आहे. केंब्रिजचे रॉस अँडरसन कॉम्प्युटरवाले होते, पण २००१ साली त्यांनी एक लेख लिहून सांगितलं की सुरक्षा मोडते ती बऱ्याचदा यंत्राच्या दोषामुळे नाही, तर ज्याच्या हातात ती सांभाळणं आहे त्याच्या खिशाला तोशीस लागत नाही म्हणून. त्यांनी एटीएमचं उदाहरण दिलं. अमेरिकेत ग्राहक म्हणाला, पैसे मी काढले नाहीत, तर ते खोटं ठरवायची जबाबदारी बँकेवर. ब्रिटनमध्ये त्या काळी उलटं, ग्राहकानंच सिद्ध करायचं. तुम्हाला वाटेल, ब्रिटिश बँका मजेत असतील. झालं भलतंच. तक्रार करणारा ग्राहकच खोटा ठरतोय म्हटल्यावर तिथले कर्मचारी ढिले पडले आणि फसवणुकी वाढल्या. सुरक्षेवर खर्चही अमेरिकेतल्या बँकांपेक्षा जास्त झाला, तो वेगळाच.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं हे ओझं बरंचसं बँकेकडे सरकवलं. तुमची चूक नाही, बँकेचीही नाही, मधल्यामध्ये तिसऱ्यानंच खात्यातून पैसे काढले, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित. तुमच्यासारख्या लघुउद्योजकाच्या चालू खात्याला ती मर्यादा १०,००० रुपये ठेवली होती. बँका एसएमएस आणि ओटीपीसाठी जीव टाकतात त्याचं एक कारण हे आहे.

पण ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला, किंवा पैसे तुम्ही स्वतः पाठवले, तर ही ढाल नाही. म्हणून माझ्या मते तुमच्या दुकानाची खरी उघडी बाजू कॉम्प्युटर लॉक होणं ही नाहीच. ती आहे सुरतेचं पेमेंट.

असं होतं बघा. नेहमीच्या व्यापाऱ्याच्या नावानं, त्याच्याच लेटरहेडवर मेल येतो, किंवा त्याचाच फोटो लावलेल्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅप: आमचं खातं ऑडिटमुळे बंद आहे, या वेळचे साडेसात लाख या नव्या खात्यात टाका. बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर, कारण त्याचा किंवा तुमचा मेल कोणीतरी महिनाभर नुसता वाचत बसलेलं असतं. तुम्ही आरटीजीएस करता. आठ दिवसांनी सुरतेहून फोन येतो, "पेमेंट कधी?" लॉक झालेल्या कॉम्प्युटरनं ८ लाख जायला आठ दिवस लागतात, इथे साडेसात लाख चार मिनिटांत जातात. आणि २,४८,००० ची ती सगळी यंत्रणा हे थांबवत नाही, कारण यंत्रणेच्या दृष्टीनं काही वाईट घडलेलंच नाही. मालकानं आपल्या हातानं आपल्या खात्यातून पैसे पाठवले.

याला लागणारा खर्च शून्य आहे. खातं बदललं असा निरोप आला की व्यापाऱ्याच्या जुन्या, तुमच्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा. निरोपात दिलेल्या नंबरवर नाही. आवाज ओळखीचा हवा. दुसरं, १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीत पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय द्या, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं होतं. ते नाव वाचा. साड्यांच्या फर्मऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसलं तर थांबा. तो बिचारा बहुधा मुख्य चोर नसतोच. कुठल्यातरी गावचा पोरगा, ज्यानं आपलं खातं चार पैशांसाठी भाड्यानं दिलेलं असतं. आणि पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन पहिला, घरच्यांशी भांडण नंतर. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून पाच खात्यांत फुटतो. तो फुटायच्या आत अडवता आला तरच हाती लागतो.

आता तुमचे तीस-साठ हजार कुठे घालायचे.

तीनपैकी एखाद्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज ७ असेल, आणि गांधीबाग-इतवारीत तो हमखास असतो, तर आधी तो बदला. त्याला अपडेट देणं मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्येच थांबवलं. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सगळ्यात जास्त पैसा इथे जाईल, आणि जाऊ द्या. सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं कुठे असेल तर ते काढून अस्सल घ्या. फुकटात कुलूप तोडून देणारा माणूस एक किल्ली स्वतःकडे ठेवत नसेल कशावरून? दुरुस्तीवाल्यानं लांबून कॉम्प्युटर चालवायला जे सॉफ्टवेअर टाकलं होतं ते बघा. काम झालं, तो गेला, पासवर्ड १२३४ ठेवून दार तसंच उघडं. ते आजच काढा. विंडोजबरोबर येतो तो अँटिव्हायरस तुमच्या कामाला पुरतो, फक्त तो बंद करून ठेवलेला नाही ना, एवढं तपासा. दर महिन्याला पासवर्ड बदलायचा उपद्व्याप नको. अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनंही २०१७ मध्ये तो सल्ला मागे घेतला, कारण माणसं शेवटी 'दिवाळी१' चं 'दिवाळी२' करतात. लांबलचक एकच ठेवा, आणि मेल उघडताना पासवर्डनंतर मोबाइलवरही खात्री करणारी दुसरी पायरी लावा.

मग दोन बाहेरच्या हार्ड डिस्क. पाच-सहा हजारांची एक. बॅकअप घेतला की डिस्क उपटायची. लावूनच ठेवली तर कुलूप लावणारा तिलाही कुलूप लावतो. एक डिस्क दुकानात, एक घरी, आठवड्याला अदलाबदल.

आणि या बॅकअपबद्दल मला माझी फजिती सांगायलाच हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेचे हिशेब बघायचो. रोज संध्याकाळी सहाला टेबलावरच्या कॉम्प्युटरवर, पडद्यावर दिसणारं हिशेबाचं चिन्ह पेन ड्राइव्हवर ओढून टाकायचं, पेन ड्राइव्ह पाकिटात, पाकीट तिजोरीत, वर तारीख, सही. जवळजवळ तीन वर्षं. एक दिवशी मशीन बसलं. मी मोठ्या ऐटीत तिजोरी उघडली. पेन ड्राइव्हवर जे होतं ते दोन केबीचं. मी तीन वर्षं शॉर्टकटची नक्कल करत होतो, म्हणजे घर सोडून घराच्या पाटीची. खाती आत नव्हतीच. अध्यक्ष समोर उभे होते. ते काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. पुढचे अडीच महिने आम्ही व्हाउचरं काढून रात्री दहापर्यंत बसायचो.

म्हणून नुसता बॅकअप घेऊ नका, तो परत चढवून बघा. महिन्यातून एकदा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर. चालू टॅलीवर चढवू नका, नाहीतर आजच्या नोंदींवर जुनं येऊन बसेल. चढवल्यावर अमरावतीच्या त्या पार्टीची बाकी बघा, ८४ हजारच दिसते का. दिसली की बंद करा. वीस मिनिटांचं काम आहे. शिवाय कोरी छापील बिलबुकं दोन-तीन कपाटात असू द्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर असेच बंद पडले, तेव्हा तिथे कित्येक दिवस सगळं कागदावर चाललं. ठोक दुकान चालवायला त्यापेक्षा कमी कागद लागतो.

तुमच्या घरचे सायबर विमा काढू म्हणतील. चार कोटींच्या दुकानाला मी आत्ता तरी नको म्हणेन. घेतलाच तर कशाकशाला पैसे मिळणार नाहीत ती पानं आधी वाचा. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा प्रकार युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्यानं थांबवलं. बिस्किटं-चॉकलेटं बनवणाऱ्या माँडेलीझ कंपनीनं त्या नुकसानीचा दावा केला, तर विमा कंपनी म्हणाली, हे युद्ध आहे, युद्धाला विमा लागू नाही. भांडण २०२२ मध्ये तडजोडीनं मिटलं. इतकी वर्षं थांबायला त्यांना परवडतं.

सासऱ्यांशी वाद घालू नका. ते दुकानाचा आगीचा विमा दर वर्षी भरत असतील, एकदाही दावा न करता, आणि त्यावर घरात कधी भांडण झालं नसेल. गांधीबागेच्या बोळात आग लागली तर बंब आत यायला किती वेळ लागतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असणार. लक्ष्मीपूजनाला पूर्वी वहीला हळदकुंकू वाहायचे, आता तुमच्या मॉनिटरच्या कोपऱ्यावर कुंकवाचा ठिपका असेल. वही त्यांना कळते. एखाद्या संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी टॅली बंद करा आणि त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवा. म्हणा, बाबा, मोठ्या दहा पार्ट्यांची बाकी तुम्ही आठवून लिहा, मग आपण जुळवू. सुनेनं सासऱ्याची परीक्षा घ्यायची नसते म्हणतात, म्हणून चहा बरोबर ठेवा. त्यांची स्मरणशक्ती दांडगी असेल, सहा-सात बरोबर येतील. उरलेल्यांचा फरक किती निघतो तो त्याच कागदावर खाली लिहा. डिस्कचे बारा हजार ते स्वतः काढून देतील.

राहिले तुमचे शेजारी. ते गप्प आहेत कारण बाजारात पत जायची भीती. सुरतेला कळलं तर उधारीवर माल देणार नाही, हा त्यांचा हिशेब चूक नाही. सरकारी नियम वेगळं सांगतो. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात असा हल्ला सहा तासांत कळवा असं आहे. पण त्यांच्या गप्प राहण्याची किंमत गल्ली मोजते. मी वर 'दहा वर्षांतून एकदा' असं हवेत धरलं ना, ते याचमुळे. कोणाला झालं, कसं झालं, हे कोणी सांगतच नसेल तर शक्यता काढायची कशावरून? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा कोणाच्या घरात किती फूट हे दुसऱ्या दिवशी सगळ्या शहराला माहीत होतं, कारण पाण्याची रेघ भिंतीवर दिसते. तुमच्या शेजाऱ्यांच्या भिंतीवर रेघ नाही.

त्यांना किती पैसे भरले ते विचारू नका, ते सांगणार नाहीत आणि तुम्हाला त्याचा उपयोगही नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा एकट्या जा आणि त्यांच्या हिशेबाच्या मुलाला विचारा: शिरला कुठून? मेलमधून, क्रॅकमधून, की त्या रिमोटवाल्या सॉफ्टवेअरमधून? दुरुस्तीवाला दोन्ही दुकानांचा एकच असेल, तर पुढचं मला लिहायची गरज नाही. मग संध्याकाळपर्यंत थांबू नका, परत येऊन आधी ते काढा.